मागच्या रांगेचे तीन प्लग

शिक्षकाच्या हाती खडू शोभतो, पाना शोभत नाही, अशी आमच्या घरातली पिढीजात समजूत आहे. वडील शाळामास्तर, मीही शाळामास्तर. सायकलची साखळी उतरली तरी ती चढवावयास कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक जावयाची. पुढे घरात ओम्नी आली. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते; मिस्त्री आसन उचलून आत हात घाली आणि मी बाजूला उभा राहून त्याच्यासाठी चहा सांगे. यंत्राशी माझा संबंध एवढाच. अशा मनुष्याने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, सातासमुद्रांपलीकडे जाऊन, एका सोळा वर्षांच्या जुन्या मोटारीचे प्लग बदलले, हे आमच्या इंदुरातील स्नेहीमंडळींना अद्याप खरे वाटत नाही. आरंभीच कबूल करतो, की काम लेकीने केले. मी दिवा धरला, पुस्तक वाचून दाखविले आणि एक चूक केली. त्या चुकीची हकीकत यथावकाश येईलच.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेला उन्हाळी सुट्टी लागताच, आम्ही उभयता अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरी लेकीकडे गेलो होतो. जावई तेथील विद्यापीठात संशोधन करतात; त्यांना मिळणारे विद्यावेतन बेताचे. लेकीची नोकरी घरापासून बावीस मैलांवर, आणि त्या वाटेला बस नाही. सारा संसार एका मोटारीवर उभा. ती मोटार म्हणजे २००८ सालची, सात माणसांची, तिकडे जिला ‘मिनीव्हॅन’ म्हणतात तशी गाडी. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून विकत घेतलेली, आणि १,३८,००० मैल म्हणजे सुमारे २,२२,००० किलोमीटर धावलेली.

एका शनिवारी आम्ही सर्व बाहेर निघालो असता हमरस्त्याच्या चढणीवर गाडी एकाएकी थरथरू लागली. उचकी लागावी तसे इंजिन मध्येच अडखळे. समोरच्या फलकावर पिवळा दिवा नुसता लागला नाही, तर उघडझाप करू लागला. लेकीने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि हळूहळू घरी आणली. मागे पाच वर्षांची नात बसली होती. तिला त्याची मौज वाटत होती. आम्हा वडीलधाऱ्यांचे तोंड मात्र उतरले होते.

दुरुस्तीच्या दुकानात विचारणा केली. त्यांनी सहाही प्लग बदलण्याचा अंदाज सातशे डॉलरच्या घरात सांगितला. मी चकित झालो, कारण प्लग स्वतः दहा-बारा डॉलरला एक मिळतो. बाकीचे पैसे कशाचे? ‘मजुरीचे. मागच्या तीन प्लगांपर्यंत पोहोचण्याचे,’ असे उत्तर आले. रात्री मी लेकीला म्हटले, “अगं, ती रक्कम मी देतो.” ती म्हणाली, “बाबा, पैसे नकोत. दिवा धराल का?”

ठिणगीचे गणित

काम सांगण्यापूर्वी प्लग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे इष्ट. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते. ते नेमक्या क्षणी पेटावे म्हणून एक विद्युत् ठिणगी पाडावी लागते, आणि ती पाडणारा तो स्पार्क प्लग. वायूच्या इंजिनात विजेच्या ठिणगीचा उपयोग एत्येन लेनवार याने १८६० सालीच केला होता. परंतु भरवशाचा, उच्च दाबाच्या विजेवर चालणारा प्लग जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये सिद्ध केला. आजचा प्लग त्याचाच वंशज. मध्ये एक धातूची कांडी, भोवती पांढऱ्या चिनीमातीसारखे विद्युत्‌रोधक कवच, बाहेर आटे असलेली लोखंडी खोळ, आणि टोकाशी कांडी व वाकलेला आकडा यांमध्ये सुमारे एक मिलिमीटरची फट. बॅटरीची बारा व्होल्टची वीज कॉइलमधून जाताना हजारो व्होल्टची होते आणि ती फट ओलांडते. तीच ठिणगी.

इंजिनाचे दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर एका प्लगाच्या वाट्यास मिनिटाला हजार ठिणग्या. लेकीच्या गाडीतील प्लग इरिडियम धातूच्या टोकाचे. इरिडियमला वितळावयास २,४०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते, म्हणून तो टिकतो. हे प्लग १,२०,००० मैलांवर बदलावेत, असे गाडीच्या पुस्तकात छापले होते. सरासरी ताशी तीस मैल वेग धरून मी कागदावर हिशेब मांडला: चार हजार तास, म्हणजे एका प्लगाच्या सुमारे चोवीस कोटी ठिणग्या! प्रत्येक ठिणगी टोकाचा अणुरेणूएवढा अंश झिजविते आणि फट रुंदावते. फट रुंदावली की ती ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते, आणि चढणीवर इंजिनावर भार येताच ठिणगी चुकते. न जळलेले पेट्रोल तसेच धुराड्याच्या वाटेने बाहेर पडते आणि धूर शुद्ध करणारी जी महागडी डबी त्या वाटेवर असते तिला तापवून निकामी करते. उघडझाप करणाऱ्या दिव्याचा अर्थ हाच, की ‘आता दौडवू नका.’

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना दोष सांगणारी एक ठराविक खाच असते. तिला जोडावयाचे छोटे यंत्र शेजाऱ्याकडून आणले. त्यावर आकडा उमटला: ‘पी ०३०३’. त्यातील अखेरचा अंक सिलिंडरचा. म्हणजे ठिणगी चुकत होती ती तिसऱ्या सिलिंडरमध्ये. या इंजिनात १, ३, ५ हे सिलिंडर मागच्या रांगेत आणि २, ४, ६ पुढच्या रांगेत. तिसरा म्हणजे मागच्या रांगेतला, नेमका मधला.

अडचणीचे मूळ

मागची रांग एवढी दुर्गम का, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर या गाडीच्या जन्मकथेत सापडले. १९८३ च्या नोव्हेंबरात क्रायस्लर कंपनीच्या कॅनडातील विंडसर येथील कारखान्यातून अशा तऱ्हेची मिनीव्हॅन प्रथम बाहेर पडू लागली. योगायोग असा, की १९८४ साली आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली. तीच पुढे ओम्नी या नावाने घरोघर पोहोचली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. दोघींचा हेतू एकच: थोड्या लांबीत पुष्कळ माणसे बसवावयाची. मारुतीने इंजिन आसनांखाली सारले. अमेरिकन गाडीने ते नाकात आडवे ठेवले आणि चाल पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे जमीन सपाट व ठेंगणी झाली, आत ऐसपैस जागा मिळाली. पुढे त्याच जागेत सहा सिलिंडरांचे इंजिन बसविले गेले. त्याचे तीन सिलिंडर पुढे आणि तीन मागे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे कललेले. पुढचे तीन प्लग झाकण उघडताच हाताशी येतात. मागचे तीन मात्र माणसे बसतात त्या खणाच्या भिंतीकडे तोंड करून, समोरच्या काचेखालच्या कपारीत, आणि वरून हवेच्या भल्यामोठ्या पेटीने झाकलेले. आत बसणाऱ्यांना जी ऐसपैस जागा मिळाली, तिची किंमत दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटांनी द्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

हत्यारे आणि शिस्त

रविवारी सकाळी सातला काम सुरू झाले. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले होते, कारण त्याचे डोके ॲल्युमिनियमचे. ते तापलेले असताना प्लग काढू गेल्यास आटे खराब होण्याचे भय असते. हत्यारे फार नव्हती. दहा व बारा मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेटला आमचे मिस्त्री ‘गोटी’ म्हणतात), दोन लांब दांड्या, एक लवचीक सांधा, आत रबर असलेली प्लगाची सोळा मिलिमीटरची गोटी, लोहचुंबकाची काडी आणि ताकद मोजणारा टॉर्क पाना. हा पाना सुट्या भागांच्या दुकानाने अनामत रक्कम ठेवून वापरावयास दिला. तेथे तशी पद्धतच आहे. दुरुस्तीचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून आणले होते.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. मग वायपरचे हात, काचेखालची प्लास्टिकची पट्टी आणि तिच्याखालचा पत्रा काढला. तेव्हा कोठे मागच्या रांगेवर उजेड पडला. त्यानंतर हवा नेणारा जाड नळा आणि शेवटी ती हवेची पेटी. तिला लहानमोठ्या रबरी नळ्या आणि विजेच्या जोडण्या लागलेल्या. त्या सोडविण्यापूर्वी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना एकच खूण चिकटवावी, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. हे खुणांचे काम माझ्याकडे आले. मी कागदी पट्ट्या फाडून त्यांवर ठळक अक्षरे लिहिली: क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज. नात शेजारी उभी राहून अक्षरे ओळखीत होती. परदेशी वाढणाऱ्या मुलीला मोटारीच्या पोटात बाराखडीचा धडा मिळाला, याचे मला मोठे समाधान वाटले.

काढलेला प्रत्येक बोल्ट एका पुठ्ठ्यावर त्याच्या जागेप्रमाणे खोचून ठेवला. पेटी उचलताच खाली इंजिनाची उघडी तोंडे दिसली. लेकीने त्यांत लागलीच स्वच्छ फडकी कोंबली. “बाबा, यात एक नट पडला तर सातशेचे सात हजार होतील,” ती म्हणाली. मी दिवा अधिक घट्ट धरला.

कपारीत काय सापडले

प्रत्येक प्लगावर एक कॉइल टोपीसारखी बसलेली असते. तिची जोडणी सोडवून, एक बोल्ट काढून, ती हलकेच फिरवीत वर ओढली. प्लगाच्या विहिरीत वाळू साचली असल्यास ती आधी हवेच्या झोताने उडवावी लागते, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये जाते. मग लेक काचेच्या बाजूने ओणवी झाली. डाव्या हाताने दांडी धरलेली, उजवा हात कोपरापर्यंत आत. दिसत काही नाही, सारे स्पर्शाने. मी पुस्तकातील वाक्य वाचावे, त्याचे मराठी करून सांगावे आणि तिने “हं” म्हणावे, असे आमचे चालले होते. पाऊण तासाने पहिला प्लग हाती आला. मग पाचवा. अखेरीस तो तिसरा.

त्याची टोके झिजून बोथट झाली होती. फट मोजली तर ती दीड मिलिमीटरच्या जवळपास, नव्याची १.१ असते. मागचे तिघेही तसेच, आणि तिघांवर एकच जुनी छाप. त्यानंतर पुढचे तीन प्लग काढले, तो काय आश्चर्य! ते निराळ्या बनावटीचे, स्वच्छ, फट जेमतेम वाढलेली. लेकीने गाडीच्या कागदांची पिशवी आणली. आधीच्या मालकाने सांभाळून ठेवलेल्या पावत्यांत एक पावती होती: ‘स्पार्क प्लग बदलले.’ किती, ते लिहिले नव्हते. कोणा दुरुस्तीवाल्याने सोपे तेवढे तीन बदलले होते आणि अवघड तिघांना कारखान्यातून निघाल्या दिवसापासून हात लागला नव्हता. लेक म्हणाली, “या पावतीच्या भरवशावर मी तीन वर्षे निश्चिंत होते.”

मला हसू आले नाही. मी तेहतीस वर्षे वर्गात उभा आहे. तपासणीस आले की पुढच्या बाकावरील मुलांना प्रश्न विचारावयाचे, त्यांची उत्तरे नीट आली की ‘वर्गाची प्रगती समाधानकारक’ असा शेरा लिहावयाचा, हे मी पाहिले आहे आणि केलेही आहे. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा वर्षभर चुकत राही, आणि चढण आल्यावर, म्हणजे दहावीच्या परीक्षेत, ते उघडकीस येई. पावती मात्र साऱ्या वर्गाची फाडली जाई.

त्याहून जवळची एक गोष्ट त्या वेळी आठवली. ही लेक नववीत असताना आमची स्कूटर बंद पडली होती. मिस्त्री प्लग काढून पुसत होता आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली होती. मी तिला हाक मारून म्हटले होते, “हात काळे करू नकोस, अभ्यासाला बस.” तिच्या भावाला मात्र मी त्या दिवशी उठविले नव्हते. आता तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मी त्यांवर उजेड पाडीत होतो. मी ती आठवण तिला सांगितली. ती आत वाकूनच म्हणाली, “मला आठवतं, बाबा. दिवा जरा डावीकडे.”

जुळवणी आणि एक चूक

नवा प्लग बसविताना घाई करू नये. त्याच्या माथ्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो बोटांनी फिरवावा. आटे वाकडे धरले तर नळी हातात घसरते आणि प्लग पुढे जात नाही. पाना लावला असता तर तो आटे कापीत आत गेला असता आणि इंजिनाच्या डोक्याचे नुकसान झाले असते. बोटांनी पूर्ण बसल्यावरच टॉर्क पाना लावावा. आमच्या पुस्तकात १८ न्यूटन मीटर हा आकडा होता. तेवढ्यावर टक् असा आवाज आला की थांबावयाचे. इरिडियमच्या प्लगाची फट कारखान्यातच ठरविलेली असते, ती वाकवून कमीजास्त करू नये. टोक नाजूक असते, मोडते.

लेकीने आणखी एक युक्ती केली. तिसऱ्या सिलिंडरवरील कॉइल तिने पुढच्या रांगेत दुसऱ्यावर बसविली आणि तेथील तिसऱ्यावर. दोष प्लगाचा नसून कॉइलचा निघाला, तर यंत्र ‘०३०२’ दाखवील, आणि ती कॉइल पाच मिनिटांत बदलता येईल. पुन्हा पेटी उघडावी लागणार नाही. या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटले.

पेटी बसविताना तिच्याखाली नवे गॅस्केट घातले, तत्पूर्वी फडकी मोजून काढली. मग मी अक्षरे पुकारू लागलो आणि लेक नळ्या जोडू लागली. क, ख, ग, घ, च, छ, ज. दुपारी साडेतीनला बॅटरीची तार जोडून किल्ली फिरविली. इंजिन सुरू झाले, परंतु दम लागल्यासारखे खालीवर होऊ लागले, आणि कोठून तरी सूं सूं असा बारीक आवाज येई. लेकीने इंजिन बंद केले. तिच्या चेहऱ्यावर प्रथमच भीती दिसली. साडेआठ तासांचे श्रम, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे. एखादा प्लग वाकडा बसला असेल काय? पेटीला चीर गेली असेल काय?

आम्ही दोघे खिन्न होऊन उभे असता नात आपल्या परीने अक्षरे म्हणत होती. मी तिला सवयीने दुरुस्त केले, “घ नंतर ङ, बाळ. तो सारेच विसरतात.” आणि माझी जीभ तेथेच थांबली. मराठीची पदवी घेतलेल्या, हजारो मुलांकडून मुळाक्षरे घोकून घेतलेल्या मास्तराने पुकारताना ङ गाळला होता! दिवा घेऊन पेटीच्या मागे पाहिले. ‘ङ’ची पट्टी लावलेली एक बोटाएवढी नळी लोंबकळत होती. तिच्या मोकळ्या तोंडातून बिनहिशेबी हवा आत शिरत होती. तोच तो सूं सूं आवाज.

नळी बसविली. किल्ली फिरविली. इंजिन असे संथ चालू लागले की हात ठेवून पाहावे लागले. लेक मटकन खाली बसली आणि हसू लागली. मग तिचे डोळे भरून आले. जावयांनी आतून चहा आणला. या वेळी तो मिस्त्रीबरोबर मीही प्यालो.

वाचकांनी काय घ्यावे

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर कामाच्या ठिकाणापर्यंत गेलो. त्याच चढणीवर गाडी निमूटपणे चढली. यंत्र जोडून पाहिले. ०३०३ नाही आणि ०३०२ही नाही. दोष प्लगाचाच होता.

प्रत्येकाने घरी हे काम करावे, असे मी म्हणणार नाही. दिवसभराची सवड, योग्य हत्यारे, टॉर्क पाना आणि गाडीचे पुस्तक यांतील एकही नसेल तर मिस्त्रीकडे जाणेच शहाणपणाचे. परंतु काम त्याला दिले तरी दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पावतीवर किती प्लग बदलले तो आकडा लिहून घ्यावा, आणि काढलेले जुने प्लग मागून घ्यावेत. सहा बदलले तर सहा परत आले पाहिजेत. त्यांच्या टोकांकडे पाहिले की इंजिनाची प्रकृतीही कळते: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जादा, तेलकट असेल तर तेल आत झिरपते आहे.

जूनमध्ये परत आल्यावर आमची ओम्नी मी मिस्त्रीकडे नेली. तिला प्लग तीनच. त्याने आसन उचलले आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले, चहा सांगण्यासाठी. मी बाह्या वर केल्या आणि म्हटले, “आज तू दिवा धर.” तिसऱ्या सिलिंडरचा तो बोथट प्लग लेकीने कागदात गुंडाळून माझ्या सामानात घातला होता. शाळेत माझ्या टेबलावर तो असतो. वर्गाचा अहवाल घेऊन कोणी शिक्षक आले, की सही करण्यापूर्वी मी त्यांना मागच्या बाकांवरील मुलांची नावे विचारतो.